शेजवानमध्ये तिरफळ नसतं

आईने पहिल्यांदा चायनीज खाल्लं तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. पनवेलच्या मॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात, भिशीच्या मैत्रिणींबरोबर. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?" ती म्हणाली, "बसायला छान आहे."

फूड कोर्टातल्या चायनीजवर मी बरंच वाचलंय, रात्री दीड वाजता झोमॅटोवरचे रिव्ह्यू धरून. याहून नेमकं परीक्षण मला अजून सापडलेलं नाही. तरी ते थोडं उलगडून बघायचंय, कारण त्या तीन शब्दांत कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आधी एक कबुली. मी या विषयात तटस्थ नाही. मी ज्या कंपनीत काम करतो ती रेस्टॉरंटसाठी सॉफ्टवेअर बनवते. तुम्ही काउंटरवर ऑर्डर देता, ती आतल्या स्क्रीनवर एक चौकोन होऊन उगवते. आधी हिरवा, थोड्या वेळाने पिवळा, ठरलेली मिनिटं उलटली की लाल. त्या चौकोनांवर माझी टीम काम करते. त्यामुळे फूड कोर्टात माझं लक्ष ताटापेक्षा काउंटरमागच्या स्क्रीनकडे जास्त असतं. मित्र वैतागतात.

आता, आईने त्रेपन्न वर्षं चायनीज का खाल्लं नव्हतं? पनवेलमध्ये चायनीजची कधीच कमतरता नव्हती. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा, २०१५-१६च्या सुमारास, नवीन पनवेलच्या बाजूला संध्याकाळ झाली की लाल गाड्या लागायच्या. वर एखाद्या देवाचं नाव, पुढे "चायनीज", बाजूला हिरवा ड्रॅगन. हाफ राईस पन्नास रुपयांना, आणि तो हाफ दोघांना पुरायचा. गाडीच्या मागे प्लास्टिकची टेबलं, टेबलांवर प्लास्टिकचे ग्लास, ग्लासात काय असायचं ते सगळ्यांना माहीत होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात "चायनीज सेंटर" म्हटलं की अर्ध्या लोकांना जेवण आठवतं आणि उरलेल्यांना चकणा. तिथे आमच्या वर्गातल्या मुली यायच्या नाहीत. आल्या तरी पार्सल घेऊन जायच्या, गाडीपासून चार पावलं लांब उभ्या राहून. आईचा तर प्रश्नच नव्हता.

म्हणून फूड कोर्टाला नावं ठेवण्याआधी हे मान्य करायला हवं. पांढरा उजेड, पुसलेलं टेबल, जवळच बायकांचं स्वच्छतागृह आणि शेजारी पिणारा कोणी नाही. आईला आणि तिच्या पाच मैत्रिणींना एका संध्याकाळी बाहेर बसून खाता आलं. हे गाडीने कधी दिलं नाही. गाडीची आठवण काढून गळा काढणारे लेख मी पुष्कळ वाचलेत, ते बहुतेक पुरुषांचेच असतात.

पण "बसायला छान" आणि "खायला छान" या वेगळ्या गोष्टी आहेत.

काउंटरकडे बघू. कुठल्या साखळीचा ते सांगत नाही, कारण सगळ्यांचं व्याकरण सारखंच आहे. लाल आणि काळा रंग. ब्रशने ओढल्यासारखी दिसणारी इंग्रजी अक्षरं. कढईतून उडणाऱ्या नूडल्सचा फोटो, ज्यात आग आहे. प्रत्यक्षात काउंटरमागे आग फारशी दिसत नाही. आणि तो घडीचा कागदी डबा, वर तारेचं हँडल असलेला किंवा तसा आभास करणारा. या डब्याचं पेटंट १८९४ साली अमेरिकेत शिकागोच्या फ्रेडरिक विलकॉक्सने घेतलं. तसल्या डब्यांतून तिकडे कालवं विकायचे. कालवं मागे पडली, डबा तिथल्या चिनी हॉटेलांनी उचलला, सिनेमांनी तो जगभर दाखवला, आणि आता पनवेलमध्ये तो चिनी असल्याची खूण आहे. चीनमध्ये हा डबा रोजच्या वापरात नाही. उरण-अलिबागकडे कालवं खाणाऱ्या माणसांसमोर कालवांचा डबा चिनी म्हणून ठेवला जातोय, यात मला थोडी गंमत वाटते.

मॉल, फूड कोर्ट आणि चायनीज ही त्रिकुटी मुळात तिकडचीच. पांडा एक्सप्रेसचं पहिलं दुकान १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गॅलेरिया मॉलमध्ये उघडलं. मालक अँड्र्यू आणि पेगी चेर्ंग. अँड्र्यूचे वडील शेफ होते. पेगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेली, त्याआधी सिम्युलेटरवर काम करणारी सॉफ्टवेअरवाली. घरच्या हॉटेलात आल्यावर तिने तिथे कॉम्प्युटर आणले: काय किती विकलं जातं, कुठे किती माल लागेल, याचा हिशेब. आज त्यांची दोन हजारांहून जास्त दुकानं आहेत. हे वाचलं तेव्हा मला अभिमानच वाटला होता. आपल्या जातीचं कोणीतरी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांच्या.

पण पांडा एक्सप्रेसची ओळख त्या कॉम्प्युटरमुळे झाली नाही. ती झाली ऑरेंज चिकनमुळे. १९८७ साली त्यांच्या अँडी काओ नावाच्या शेफने तो केला. चिनी लोक नाकं मुरडतात, अमेरिकन ट्रकभर खातात. पदार्थ गोड आहे, चिकट आहे, काही म्हणा; पण साखळीने स्वतः केलेला आहे आणि करणाऱ्याचं नाव माहीत आहे.

आपल्याकडे या धंद्याला उशिरा वेग आला. चायनीज वोक २०१५ मध्ये मुंबईतून सुरू झालं. कोलकात्याच्या वाव! मोमोने २०१९ मध्ये वाव! चायना काढलं. बाटलीतलं शेजवान घराघरात नेणारी चिंग्जची कंपनी टाटांनी जानेवारी २०२४ मध्ये घ्यायचं ठरवलं, ५,१०० कोटी रुपये किंमत धरून. म्हणजे पैसा आहे, माणसं आहेत, डेटा आहे. रविवारी संध्याकाळी पनवेलमध्ये किती मंचुरियन जाईल हे त्यांना शनिवारीच माहीत असतं. मग माझा प्रश्न साधा आहे: नवीन पदार्थ कुठे आहे?

मी जेवढे मेनू वाचले (आणि कामामुळे मी जरा जास्तच वाचतो) त्यात पदार्थ तेच आहेत जे कुणीतरी आधीच शोधून ठेवले होते. मंचुरियन घ्या. नेल्सन वांग, कोलकात्यात जन्मलेला चिनी माणूस, १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या किचनमध्ये होता. कुणीतरी काहीतरी वेगळं मागितलं. त्याने आलं, लसूण, हिरवी मिरची असं आपल्याकडचं वाटण घेतलं आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने दाट केलं. ही त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट. पुढे त्याचं केम्प्स कॉर्नरचं चायना गार्डन सिनेमावाल्यांनी भरलेलं असायचं. शेजवानचंही तसंच. सत्तरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन उघडलं, तिथे सिचुआन प्रांताचं जेवण मिळायचं. पंचतारांकित सिचुआन खाली उतरत उतरत गाडीपर्यंत आलं तोवर त्याचं शेजवान झालं होतं, लसूण आणि लाल मिरचीचं, आपल्या ठेच्याचं चुलत भावंड.

आणि गाड्यांवर तर शोधांचा पाऊस पडला. ट्रिपल राईस: भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच प्लेटमध्ये, वर तळलेल्या नूडल्सचा चुरा. चायनीज भेळ: कुरमुऱ्यांच्या जागी तळलेल्या नूडल्स, कैरीच्या जागी कोबी. शेजवान डोसा, जो आता उडप्यांनीही स्वीकारला. यातल्या एकाही पदार्थावर कुणाची सही नाही. आमच्या भाषेत हे सगळे फोर्क आहेत. कुणाचा तरी कोड घेतला, आपल्या गरजेप्रमाणे बदलला, पुढच्याने तो आणखी बदलला. परवानगी कुणी मागितली नाही. त्या मोकळेपणावरच हे सगळं उभं राहिलं. आता "शेजवान चटणी" हे शब्द आमचं व्यापारचिन्ह आहे असं म्हणत चिंग्जची कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात जाते, तेव्हा मला ओपन सोर्सवर कुंपण घालणारे आठवतात.

साखळ्यांनी काहीच केलं नाही असं नाही. वाव! मोमोने मोमोचा बर्गर केला. मला आवडला नाही, पण केला. बाकी साखळीचं कौशल्य वेगळ्या जागी आहे. नूडल्स आधीच उकडून, तेल लावून, वजन करून ठेवलेल्या. भाजी चिरून पाकिटात. सॉस मध्यवर्ती किचनमधून आलेला, मापाच्या पळीने घालायचा. बऱ्याच मॉलमध्ये काउंटरवर सिलिंडर ठेवू देत नाहीत, म्हणून पाइपचा गॅस किंवा इंडक्शन. कँटनच्या लोकांकडे "वॉक हे" असा शब्द आहे, कढईचा श्वास. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, त्यात भात उडवायचा, तेलाचे थेंब आगीत पेटून परत भातावर यायचे, आणि एक जळकट वास लागायचा. आमच्या गाडीच्या भट्टीचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू यायचा आणि भाताला तो वास होता. पाण्याबद्दल, रंगाबद्दल, तेलाबद्दल बोलत नाही. पण तो वास होता. फूड कोर्टातला शेजवान राईस नीट शिजलेला असतो, गरम असतो, दाणा मोकळा असतो आणि त्याला कशाचाच वास नसतो. आधी गोड लागतं, मग आंबट, तिखट सगळ्यात शेवटी येतं, परवानगी घेऊन.

आईनेही नंतर हेच सांगितलं, तिच्या पद्धतीने. "कफाच्या औषधासारखं गोड आहे. आणि याला शेजवान का म्हणतात?" मी सिचुआनबद्दल सांगितलं. चीनचा प्रांत, तिथे तिखटाबरोबर एक बोंडासारखा मसाला घालतात, हुआ-ज्याओ, त्याने जीभ बधिर होते, ओठांना मुंग्या येतात. तिथे या चवीला स्वतंत्र नाव आहे, मा-ला: बधिर आणि तिखट. आई माझ्याकडे बघत राहिली. मग उठून फडताळातून बरणी घेऊन आली.

तिरफळ.

आई मालवणकडची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नसली तर तो बांगडा तिच्या लेखी फुकट गेला. काळी बी काढून टाकायची, वरचं टरफल तेवढं ठेचून घालायचं. मी त्या रात्री शोधलं: आपलं तिरफळ आणि त्यांचं हुआ-ज्याओ एकाच कुळातले, झँथोझायलम. नेपाळचं टिमूरही त्यातलंच, जे मोमोच्या चटणीत घालतात. म्हणजे पनवेलपासून दक्षिणेला, सगळ्या कोकण किनाऱ्यावर, सिचुआनच्या चवीची अर्धी बाजू घराघरात शेकडो वर्षं बरणीत भरून ठेवलेली आहे. आणि मुंबई-पनवेलच्या शेजवानमध्ये नेमकी तीच नाही. मिरची आली, लसूण आली, नाव आलं, मुंग्या राहिल्या.

माझी या साखळ्यांबद्दलची तक्रार एवढीच आहे आणि ती मोठी आहे. ते खोटं चायनीज विकतात ही तक्रार नाही. खरं-खोटं चायनीज हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. आपलं खोटं चायनीज छान आहे. तक्रार अशी की ते पुरेसं खोटंसुद्धा राहिलेलं नाही. जो पदार्थ प्रत्येक हातात बदलत आला, तो त्यांनी एका तारखेला थांबवला, ग्रॅममध्ये मोजला आणि दोनशे ठिकाणी तसाच लावला. कोकणात दुकान काढायचं आणि तिरफळाचा विचारही शिवू नये, याला मी आळस म्हणतो.

आणि चीन? तो काउंटरवर फक्त रंगापुरता. हार्बर लाइनवर पनवेलहून सीएसएमटीला जाताना डॉकयार्ड रोड स्टेशन लागतं. तिथे माझगावात, नवाब टँक रोडवर, १९१९ साली बांधलेलं सी युप नावाचं चिनी देऊळ आहे. बोटींवर काम करणाऱ्या आणि व्यापारासाठी आलेल्या कँटनकडच्या लोकांनी ते बांधलं. मी एका रविवारी गेलो होतो. जिन्याने वर गेलं की क्वान कुंग या योद्ध्याची मूर्ती, उदबत्त्यांचा वास, लाल कागदावरची अक्षरं. बाहेर त्या भागात एके काळी चिनी वस्ती होती. १९६२च्या युद्धानंतर देशभरातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं, पुष्कळ जण नंतर देश सोडून गेले. हक्का हे त्यांच्यातल्या एका मोठ्या समाजाचं नाव आहे. कोलकात्यात ते चामड्याच्या धंद्यात होते. आपण ते नाव रोज उच्चारतो, "एक व्हेज हक्का", आणि ते माणसांचं नाव आहे हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. डोक्यावरच्या मोठ्या एलईडी बोर्डावर ऑफर लिहायला जागा असते. एक ओळ यालाही मिळू शकली असती.

जून २०२०मध्ये, गलवाननंतर, रामदास आठवले म्हणाले होते की चायनीज खाण्यावर बहिष्कार टाका. आमच्या गाडीच्या मास्टरला मी हे नंतर सांगितलं होतं. तो म्हणाला, "माझ्यावर कसला बहिष्कार, मी पोलादपूरचा." तसंही त्या जूनमध्ये गाड्या बंदच होत्या.

या मास्टरबद्दल सांगायचं राहिलं. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही, चायनीज गाडीवरचा आचारी तो मास्टर. पोरवयात मुंबईत एका हॉटेलात भांडी घासायला लागला, मग कढईवर आला, मग पनवेलला स्वतःची गाडी. लॉकडाउननंतर ती गाडी परत लागली नाही. मला तो भेटला दीड-दोन वर्षांनी, मॉलमध्ये, डोक्यावर काळी टोपी, छातीवर साखळीचं नाव.

"काय रे इंजिनिअर!"

"मास्टर, तुम्ही इथे?"

"एसी आहे," तो म्हणाला. "पीएफ कापतात. पावसात आत पाणी येत नाही. अतिक्रमणवाले येत नाहीत." हे सगळं तो मला पटवत होता की स्वतःला, असा संशय मला तेव्हा आला होता. आता वाटतं, तो फक्त खरं सांगत होता. गाडी चालवणं म्हणजे काय असतं हे मला प्लेटच्या या बाजूने काय कळणार?

"आणि काम?"

"काम काय, पाकीट फोडायचं. कालचा पोरगाही करतो." मग थोडं थांबून, "हात विसरतात रे."

गेल्या महिन्यात मी आईला घेऊन पुन्हा गेलो. शेजवान नूडल्स घेतल्या. आईने पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली, जिच्यात ती एरवी बडीशेप ठेवते, आणि इकडेतिकडे बघून, बाहेरचं खाणं आणू नये या पाटीकडेही बघून, नूडल्सवर तिरफळाची पूड टाकली. मी एक घास घेतला. गोडपणा मागे सरकला, मिरची वर आली, आणि दहा सेकंदांनी खालचा ओठ फोन व्हायब्रेट व्हावा तसा थरथरायला लागला. परिपूर्ण होतं असं म्हणणार नाही. पूड जरा जास्त झाली होती आणि सॉसमधलं व्हिनेगर तिच्याशी भांडत होतं, व्हिनेगर कमी करायला हवं. पण गेल्या कित्येक वर्षांत त्या फूड कोर्टात मी खाल्लेली ही पहिली नवीन गोष्ट होती.

मी डबी घेऊन काउंटरवर गेलो. गर्दी कमी होती. मास्टरने चिमूटभर पूड जिभेवर टाकली, डोळे बारीक केले.

"हे तर आमच्याकडे माशात टाकतात."

"शेजवानमध्ये कसं लागेल?"

तो क्षणभर कढईकडे बघत राहिला. "तेलात नाही टाकायचं, करपेल. शेवटी, गॅस बंद करून." मग हसला. "गाडीवर असतो तर उद्याच बोर्डावर लिहिलं असतं. तिरफळ राईस, हाफ सत्तर."

"आणि इथे?"

त्याने बोटाने मागच्या स्क्रीनकडे दाखवलं. "इथे याचं बटण कुठाय?"

ती स्क्रीन आमच्या कंपनीची नव्हती. पण सगळ्यांचं आतून सारखंच असतं. मला माहीत आहे ते बटण कसं येतं. हेड ऑफिसच्या लॉगिनमधून एका तक्त्यात एक ओळ वाढवायची, किंमत घालायची, रेसिपीचे ग्रॅम घालायचे, सेव्ह. तीन मिनिटांचं काम आहे. त्या तक्त्याला आम्ही आयटम मास्टर म्हणतो. दुकानातल्या कुणालाही तो बदलता येणार नाही, ही सोय ग्राहकांनी, म्हणजे साखळ्यांनी, मागून घेतलेली असते. आमच्याकडे ती लिहिणाऱ्यांत मी होतो.

मास्टरने डबी परत दिली. काउंटरमागे बाहेरचं काही ठेवता येत नाही, वर कॅमेरा आहे. स्क्रीनवर दोन चौकोन पिवळे झाले होते, तो तिकडे वळला. मी टेबलाकडे आलो तर आईने उरलेल्या नूडल्स संपवत आणल्या होत्या. "अजून आहे का रे डबीत?" तिने विचारलं.